शेळी, सागवान आणि सेबीची सही

शेळी हा शेअर असू शकतो का?

प्रश्न वेडगळ वाटतो. पण मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबी भवनात बसणाऱ्या अधिकाऱ्यांना तो अगदी गंभीरपणे सोडवावा लागला आहे. नुसतं उत्तर देऊन भागत नाही. ते कारणांसह लिहावं लागतं, त्याखाली सही करावी लागते, आणि पुढे त्या प्रत्येक ओळीची चिरफाड करायला नामांकित वकील टपलेले असतात. पुण्याची समृद्ध जीवन फूड्स इंडिया ही कंपनी शेळ्या-म्हशींच्या खरेदी-संगोपनाच्या नावाने लोकांकडून पैसे घेत होती. २०१३ साली सेबीने तिच्याविरुद्ध पाऊल उचललं. कंपनीच्या मते हा पशुधनाचा व्यवसाय होता. सेबीच्या मते ती परवानगीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना होती.

आता ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात येऊ. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. घोंगड्यांसाठी आणि त्याहून जास्त बैलांच्या बाजारासाठी ती ओळखली जाते. तिथे बैल घेणारा शेतकरी काय करतो? जबडा उघडून दात बघतो, दोन दाती आहे की जुळलेला ते ठरवतो. खूर बघतो, चालवून बघतो, पाठीवरून हात फिरवतो. मग सौदा, मग इसार, आणि संध्याकाळी कासरा हातात धरून घरची वाट. बैल त्याचा झाला. उद्या तो लंगडला तर नुकसान याचं, चांगला चालला तर फायदाही याचाच.

आता शेळीच्या योजनेतला गुंतवणूकदार बघा. त्याने पैसे दिले, पावती घेतली. त्याची शेळी कुठे आहे, काळी की पांढरी, जिवंत की मेलेली, त्याला ठाऊक नाही. ती कुठे चरते, किती पिल्लं देते, कोणाला विकली जाते, यातलं काहीही त्याच्या हातात नाही. त्याला ठाऊक आहे फक्त एवढंच, की अमुक वर्षांनी अमुक रक्कम मिळणार. मग त्याने नक्की विकत घेतलं काय?

या एका प्रश्नापासून कायद्याची एक विलक्षण शाखा सुरू होते. आणि तो प्रश्न सरकारच्या वतीने विचारणारी जी खुर्ची आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललंच जात नाही.

एका छपराखाली तीन कामं

सेबी, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, जन्माला आलं १२ एप्रिल १९८८ रोजी. पण तेव्हा त्याच्या हातात कायद्याचा दंडुका नव्हता. तो मिळाला १९९२ मध्ये. जानेवारीत अध्यादेश निघाला, ४ एप्रिलला कायदा झाला, आणि त्याच महिन्यात हर्षद मेहता प्रकरणाची बातमी फुटली. त्यानंतर या नव्या मंडळाकडे सगळ्या देशाचं लक्ष गेलं.

कायद्याप्रमाणे मंडळ नऊ जणांचं. एक अध्यक्ष, केंद्रीय मंत्रालयांचे दोन प्रतिनिधी, रिझर्व्ह बँकेचा एक, आणि आणखी पाच सदस्य. या पाचांपैकी किमान तीन पूर्णवेळ हवेत. आपल्या कहाणीतली मोठी सही बहुतेक वेळा या पूर्णवेळ सदस्याची असते. त्याच्यामागे मोठी फळी आहे. तपास विभाग बँकेचे उतारे आणि व्यवहारांचे तपशील गोळा करतो. अंमलबजावणी विभाग प्रकरण उभं करतो. विधी विभाग न्यायालयातली बाजू सांभाळतो, आणि त्यावर कार्यकारी संचालकाच्या दर्जाचा अधिकारी असतो. दंड ठरवायला स्वतंत्र न्यायनिर्णय अधिकारी असतात. तपास एकाने करायचा आणि निवाडा दुसऱ्याने, ही त्यातली महत्त्वाची शिस्त.

थक्क करणारी गोष्ट अशी, की नियम करणं, तपास करणं आणि निवाडा देणं ही तिन्ही कामं एकाच संस्थेकडे आहेत. शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ वेगवेगळे शिकतो. इथे तिन्हींचा वावर एकाच इमारतीत. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ च्या क्लॅरियंट प्रकरणात सेबीच्या या तिहेरी स्वरूपाची नोंद घेतली. अमेरिकेत मात्र २७ जून २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जार्केसी खटल्यात सांगितलं, की फसवणुकीसाठी दंड वसूल करायचा असेल तर तिथल्या रोखे आयोगाला तो आपल्या घरच्या न्यायाधीशाकडून लावून घेता येणार नाही. प्रतिवादीला ज्युरीपुढे जाण्याचा हक्क आहे. म्हणजे न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या बड्या अधिकाऱ्याला ज्या कामासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, त्यातलं बरंचसं वांद्र्यातला अधिकारी आपल्या टेबलावर करू शकतो.

तो अधिकारी वकीलच असतो असंही नाही. १९९२ पासून सेबीच्या कायदेशीर कामात मुरलेले अनंत बरुआ २०१८ मध्ये पूर्णवेळ सदस्य झाले. पण सहारा प्रकरणात गाजलेला आदेश लिहिणारे डॉ. के. एम. अब्राहम हे केरळ केडरचे आयएएस अधिकारी, शिक्षणाने अभियंता. त्या प्रकरणातला अंतरिम आदेश निघाला तेव्हा सेबीच्या अध्यक्षपदी होते चंद्रशेखर भावे, महाराष्ट्र केडरचे आयएएस. रोख्यांच्या कायद्यातला हा सगळ्यात कसोटीचा काळ आणि त्या वेळी मंडळाच्या शिरोभागी मराठी माणूस, हे आपल्याकडे क्वचितच कोणी आठवतं.

संत्र्याच्या बागेतून आलेली कसोटी

शेळीच्या कोड्याचं उत्तर मिळतं फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांत. १९४० च्या दशकात तिथे हॉवी नावाची कंपनी लिंबूवर्गीय फळबागांच्या लहान लहान पट्ट्या विकत होती. जवळच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना बाग दाखवायची, जमिनीचं खरेदीखत करून द्यायचं, आणि सोबत दुसरा करार पुढे करायचा: मशागत, फळतोड, विक्री सगळं आमचीच दुसरी कंपनी करील, तुम्ही फक्त नफ्याचा वाटा घ्या. पट्ट्यांना कुंपण नव्हतं. कुणाची झाडं कुठली, हे फक्त नकाशाच्या वहीवरून कळायचं. घेणारे बहुतेक दूरच्या राज्यांतले, संत्र्याच्या शेतीचा गंध नसलेले.

कंपनी म्हणाली, आम्ही जमीन विकतो, रोखे विकत नाही. २७ मे १९४६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कागदावर काय लिहिलंय ते सोडा, व्यवहारात घडतंय काय ते बघा. लोक एका उद्योगात पैसा घालतात आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर नफ्याची आशा धरतात. मग तो गुंतवणुकीचा करार झाला, त्याला संत्र्याचा वास येत असला तरी. ही हॉवी कसोटी आजही तिथे आभासी चलनांपर्यंत सगळ्याला लावली जाते.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात सागवानाची लाट आली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती: आज रोप घ्या, वीस वर्षांनी लखपती व्हा. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलं, की अशा शेती आणि वृक्षलागवड योजना यापुढे सामूहिक गुंतवणूक योजना मानल्या जातील आणि त्यांवर सेबी नजर ठेवेल. नियम सुचवायला सेबीचे पहिले अध्यक्ष एस. ए. दवे यांची समिती नेमली गेली. ऑक्टोबर १९९९ मध्ये नियम आले आणि सेबी कायद्यात ११एए हे कलम घातलं गेलं.

या कलमात चार खुणा आहेत. पहिली, लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात. दुसरी, पैसे देणाऱ्याला त्यातून नफा, उत्पन्न, पीक किंवा मालमत्ता मिळण्याची अपेक्षा असते. तिसरी, ती मालमत्ता त्याच्या वतीने दुसराच कोणी सांभाळतो. चौथी, रोजच्या कारभारावर पैसे देणाऱ्याचा ताबा नसतो. चारही खुणा जुळल्या की ती सामूहिक गुंतवणूक योजना, आणि ती सेबीच्या नोंदणीशिवाय चालवणं बेकायदा.

या कलमात शेळीचं नाव नाही, सागाचं नाही, हॉटेलच्या खोलीचंही नाही. कलमाने वस्तूचा विचारच केलेला नाही. कासरा कोणाच्या हातात आहे, एवढंच ते विचारतं. पंजाबच्या पीजीएफ कंपनीने या कलमालाच आव्हान दिलं. १२ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं.

एक कागद जवळून बघू

शहापूर-मुरबाडच्या माणसाला जमिनीचा कागद वाचायला शिकवावं लागत नाही. गट नंबर काय, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये किती, आकार किती, इतर हक्कात बोजा कोणाचा, फेरफार कधीचा, चतुःसीमेला कोण कोण, हे तलाठ्याकडच्या ओट्यावर बसून तो झटक्यात सांगेल. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे जात नाही, हे या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं.

आता पीएसीएलसारख्या कंपनीच्या योजनेचा कागद समोर ठेवा. या कंपनीने देशभर शेतजमिनीच्या नावाने पैसे घेतले. कागदावर मुदत स्पष्ट, हप्ता स्पष्ट, भूखंड किती चौरस यार्ड तेही स्पष्ट, आणि मुदतीअखेर जमिनीची अपेक्षित किंमत किती होईल ते तर ठळक. पण पैसे भरताना जमीन कोणत्या गावात, कोणता गट, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, याचा पत्ता नाही. चौरस यार्ड हे माप आपल्या सातबाऱ्यावर येतच नाही. ज्या जमिनीचं भविष्य रुपयापर्यंत ठाऊक आहे पण ठिकाण ठाऊक नाही, ती जमीन कसली? ती मुदत ठेवच, फक्त तिला शेताचे कपडे घातलेले.

सेबीच्या अधिकाऱ्याने नेमकं हेच वाचायचं असतं. त्याच्या टेबलावर एजंटांची माहितीपत्रकं, अर्जाचे नमुने, बँक खात्यांचे उतारे आणि कंपनीचे ताळेबंद येतात. पहिला प्रश्न: पैसे आले किती आणि गेले कुठे? परतावा जमिनीच्या उत्पन्नातून दिला जातोय, की नव्या माणसाच्या हप्त्यातून जुन्याची मॅच्युरिटी भागवली जातेय? दुसरा प्रश्न: ताबा कोणाचा? मग एकेक खूण पुराव्यानिशी आदेशात मांडायची.

घाई असेल, म्हणजे पैसे अजूनही गोळा होत असतील, तर एकतर्फी अंतरिम आदेश निघतो: नवे पैसे घेऊ नका, मालमत्ता विकू नका. त्यानंतर कंपनीला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. कारणे दाखवा नोटीस, लेखी उत्तर, कागदपत्रांची पाहणी, सुनावणी, मग अंतिम आदेश. २०२२ च्या टाकानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की ज्या तपास अहवालावर निवाडा आधारलेला आहे त्यातला संबंधित भाग आरोप असलेल्याला दाखवायला हवा. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी हा निकाल लिहिला. आदेश मान्य नसेल तर ४५ दिवसांत मुंबईतल्या रोखे अपिलीय न्यायाधिकरणात, म्हणजे सॅटमध्ये जायचं. तिथून कायद्याच्या मुद्द्यावर थेट सर्वोच्च न्यायालय. उच्च न्यायालयाची पायरी या मार्गात नाही.

तीन कोटी मित्र

या सहीची ताकद कळायची असेल तर सहारा प्रकरण बघावं. सहारा उद्योगसमूहाच्या एका कंपनीने शेअर बाजारात उतरण्यासाठी २००९ मध्ये कागदपत्रं दाखल केली. त्याच सुमारास तक्रारीची एक-दोन साधी पत्रं आली. त्यातलं एक तर नॅशनल हाउसिंग बँकेकडून फिरत फिरत सेबीत पोचलं. गटातल्या दोन वेगळ्याच कंपन्या रोखे देऊन लोकांकडून पैसे घेत असल्याचं उघड झालं. सहाराचं म्हणणं होतं, आमच्या या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या नाहीत, मग सेबीचा संबंध काय? आणि हे पैसे आम्ही जनतेकडून घेतले नाहीत, आमचे मित्र, सहकारी आणि कार्यकर्ते यांच्याकडून खासगीरीत्या घेतले.

तेव्हाच्या कंपनी कायद्यात एक साधी रेघ होती: ५० किंवा त्याहून जास्त लोकांना देकार दिला, तर तो जाहीर देकार. सहाराचे मित्र होते सुमारे ३ कोटी. रक्कम सुमारे २४ हजार कोटी.

अब्राहम यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये अंतरिम आणि २३ जून २०११ रोजी अंतिम आदेश दिला: पैसे परत करा. सॅटने तो उचलून धरला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि गुंतवणूकदारांची कागदपत्रं सेबीला द्यायला सांगितलं. मग एक अचाट दृश्य घडलं. १२७ ट्रक आले आणि त्यांतून ३१,६६९ खोकी उतरली. कोट्यवधी अर्ज आणि पावत्या. मुंबईच्या एका कार्यालयातून निघालेल्या आदेशाचं उत्तर ट्रकांच्या रांगेने आलं. ती ठेवायला नवी मुंबईत गोदाम लागलं. पुढे लोणावळ्याजवळची सहाराची ॲम्बी व्हॅलीही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जप्त करायला लावली.

पण यातली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. सेबीने वारंवार जाहिराती देऊन लोकांना दावे करायला सांगितलं. मार्च २०२२ पर्यंत परत गेलेली रक्कम, व्याज धरून, होती सुमारे १३८ कोटी. चोवीस हजार कोटींपुढे एकशे अडतीस. सहाराचं म्हणणं, आम्ही बहुतेकांचे पैसे आधीच परत केले. इतक्या मोठ्या रकमेचा खुलासा साध्या कागदांवर कसा करायचा, हा वाद वर्षानुवर्षं चालला. नंतर सहाराच्याच सहकारी संस्थांतल्या ठेवीदारांसाठी त्या सेबी-सहारा खात्यातले ५,००० कोटी वापरायला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये परवानगी दिली आणि जुलैमध्ये परताव्याचं पोर्टल सुरू झालं.

रोख पैशाचा माग का लागत नाही हे समजायला, मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून गाजलं, ते आठवून बघा. तेव्हा चर्चा झाली ती सोयीची. सेबीच्या तपास अधिकाऱ्याच्या नजरेने बघितलं तर बँकेतून गेलेल्या प्रत्येक रुपयाचा माग राहतो, आणि माग राहिला की देणारा-घेणारा दोघेही सापडतात. एजंटाच्या हातात मोजून दिलेल्या रोख नोटांचा साक्षीदार फक्त तो एजंट.

सही झाली, पैसे कुठे?

मग एवढी मोठी सही झाल्यावर पैसे लगेच का मिळत नाहीत? पीएसीएलची कहाणी हे उत्तर देते. सेबीने नोटीस पाठवली १९९९ मध्ये. कंपनी राजस्थान उच्च न्यायालयात गेली आणि २००३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सेबी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल फिरला आणि सेबीला चौकशी करायची मुभा मिळाली. २२ ऑगस्ट २०१४ रोजी पूर्णवेळ सदस्य प्रशांत सरन यांनी आदेश दिला: ४९,१०० कोटी रुपये, ५ कोटी ८५ लाख ग्राहक. नोटिशीपासून आदेशापर्यंत पंधरा वर्षं. त्या पंधरा वर्षांत योजना चालूच होती, एजंट दारोदार फिरतच होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जमिनी विकायच्या आणि लोकांना पैसे द्यायचे, असं तिचं काम. समितीने सुरुवात केली सगळ्यात लहान दावेदारांपासून, म्हणजे २,५०० रुपयांपर्यंतच्या, आणि मग मर्यादा पायरीपायरीने वाढवत नेली.

मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही आणखी जवळची. तिने विकल्या हॉटेलमधल्या रात्री. सुट्टीत राहा, नाहीतर मुदतीनंतर वाढीव रक्कम घ्या. राहायला गेले थोडे, रकमेची वाट बघणारे असंख्य. २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात सेबीने पैसे परत करायला सांगितलं. आकडा होता ७,०३५ कोटी, गुंतवणूकदार ५१ लाखांच्या वर.

सेबीच्या आदेशाला दात आले ते २०१३ च्या अध्यादेशाने आणि मग २०१४ च्या दुरुस्तीने. कलम २८ए नुसार सेबीचा वसुली अधिकारी बँक खाती गोठवू शकतो, मालमत्ता जप्त करून विकू शकतो, प्रसंगी अटकही करू शकतो. ही पद्धत प्राप्तिकर खात्याकडून उचललेली आहे. त्याशिवाय कलम २४ खाली फौजदारी खटला: दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास, २५ कोटींपर्यंत दंड. पण जप्त जमिनीवर वाद असतात, कर्ज असतं, विकत घेणारा मिळत नाही. २०१५ मध्ये सेबीने पीएसीएल आणि तिच्या संचालकांना ७,२६९ कोटींचा दंड ठोठावला. आकडा छातीत धडकी भरवणारा. पण दंड ही शिक्षा असते, त्यातून शहापूरच्या एखाद्या विधवेचे हप्ते आपोआप तिच्या हाती येत नाहीत. सही नवे पैसे जाणं थांबवते. गेलेले पैसे परत आणण्याचं काम तिच्यानंतर सुरू होतं आणि तिच्याहून कितीतरी पट लांबतं.

म्हणून राज्याचा एक वेगळा कायदाही मदतीला आहे: महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. न्यायालयांत त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली शासन अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करतं, उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो आणि विशेष न्यायालय वाटप ठरवतं. इथली पहिली पायरी वांद्र्यात नसून आपल्या पोलीस ठाण्यात असते. २२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातली ठेव या शब्दाची व्याप्ती रुंद धरली. पैशाऐवजी वस्तू किंवा सेवेच्या रूपात परतफेड कबूल केली असली, तरी ती ठेवच. २०१९ मध्ये केंद्रानेही अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला.

शहापूरहून वांद्र्यापर्यंत

शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जातो, जून २०२५ मध्ये तो खुला झाला. महामार्ग, धरण, औद्योगिक वसाहत, काहीही आलं की जमिनीचा मोबदला एकरकमी बँकेत जमा होतो. पिढ्यानपिढ्या भाताच्या पोत्यांत मोजलेली मालमत्ता अचानक आकड्यांत येते. अशा वेळी उंबऱ्यावर येणारा माणूस बहुधा ओळखीतलाच असतो. भाचा असतो, गावातला मास्तर असतो, बचत गटातली ताई असते. तिनेही स्वतःचे पैसे घातलेले असतात, म्हणून तर तिच्या बोलण्यात खोट जाणवत नाही.

अशा वेळी सेबीच्या अधिकाऱ्याचेच प्रश्न आपण विचारायचे. माझे पैसे इतरांच्या पैशात मिसळणार का? मला मिळणारी रक्कम नक्की कशातून येणार? ती वस्तू सांभाळणार कोण? आणि उद्या मला ती बघायची, विकायची, घरी आणायची असेल तर येईल का? चारही उत्तरं कंपनीच्याच बाजूने जात असतील तर पाचवा प्रश्न: सेबीची नोंदणी कुठे आहे? नोंदणीची यादी सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. २०१३ च्या सुमारास सेबीने लोकांना सावध केलं, तेव्हा सामूहिक गुंतवणूक योजनेसाठी तिच्याकडे देशभरात नोंदलेली कंपनी होती फक्त एक. गावोगावी शेकडो योजना, नोंदणी एकीची.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पतपेढी, सहकारी संस्था, परवानाधारक चिटफंड, विमा आणि बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांच्या ठेवी ११एए मधून वगळलेल्या आहेत. पतपेढीची तक्रार सहकार खात्याकडे, विम्याची विमा नियामकाकडे. सेबीच्या कक्षेतल्या तक्रारीसाठी २०११ पासून स्कोअर्स हे पोर्टल आहे, आणि १८०० २२ ७५७५ किंवा १८०० २६६ ७५७५ या निःशुल्क क्रमांकांवर मराठीतूनही विचारता येतं. तक्रार करताना बॉण्डची मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नये, झेरॉक्स द्यावी. पीएसीएलच्या परताव्यात मूळ प्रमाणपत्र मागितलं गेलं तेव्हा ते एजंटाकडे देऊन बसलेल्यांची फार पंचाईत झाली.

पुढची योजना शेळीची नसेल, सागाचीही नसेल. ड्रोनची असेल, सौर पॅनेलची असेल, मोबाईलमधल्या कुठल्या नाण्याची असेल, किंवा आज कुणाच्या डोक्यातही न आलेल्या एखाद्या वस्तूची. त्यासाठी नवा कायदा करायची वाट बघावी लागणार नाही. १९९९ मध्ये ११एए हे कलम लिहिणाऱ्यांनी त्यात एकाही वस्तूचं नाव घातलं नाही, आणि त्यांची दूरदृष्टी बरोब्बर तिथेच दिसते.